जादू करणे आणि जादू दाखविणे

इंग्रजीतील शास्त्रीय मजकूर मराठीत आणण्याचे काम मी गेली पंधरासोळा वर्षे करीत आहे. या कामात अवघड शब्दांचा फार जाच होत असेल, असा लोकांचा समज आहे. वस्तुतः अवघड शब्दाला कोश असतो, परिभाषा-समितीने ठरविलेला पर्याय असतो, आणि काहीच नसले तर मूळ शब्द देवनागरीत लिहून पुढे जाण्याची मुभा असते. घोटाळा होतो तो ज्याच्यासाठी कोणी कोश उघडीत नाही अशा घरगुती शब्दाच्या बाबतीत. माझ्या वाट्याला असा शब्द आला तो ‘कंज्युअर’ हा होय. जादूचे खेळ करणे, हातात नसलेली वस्तू हातात आणणे, हा त्याचा आजचा अर्थ. तो शाळकरी मुलालाही ठाऊक असतो, आणि म्हणूनच तो मराठीत लिहिताना मी क्षणभरही थांबलो नाही.

अवधान आणि दृष्टिभ्रम यांवरील एका लहानशा पुस्तिकेत पुढील आशयाचे वाक्य होते : जादूगार एखाद्या मुलाच्या कानामागून नाणे काढतो, तेव्हा सभेतील सर्वांची दृष्टी त्याच्या उजव्या हातावर खिळलेली असते. भाषेच्या ओघात मी लिहून गेलो, ‘जादूगार मुलावर जादू करून त्याच्या कानामागून नाणे काढतो.’ पुस्तिका छापली गेली, वाटली गेली. काही महिन्यांनी तालुक्याच्या एका गावाहून एका प्राथमिक शिक्षकांचे पत्र आले. त्यांनी तो परिच्छेद वर्गात वाचला होता आणि पाठोपाठ नाण्याचा खेळही एका मुलाला पुढे बोलावून केला होता. मुलगा घरी गेला आणि पुस्तकातलेच शब्द बोलला, ‘गुरुजींनी माझ्यावर जादू केली.’ योगायोग असा, की त्याच रात्री त्याला ताप भरला. आजीने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. तेवढ्याने भागले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चार माणसे गुरुजींच्या दारात उभी राहिली आणि ‘जे काय केले असेल ते उतरवून द्या’ म्हणू लागली. ताप दोन दिवसांत गेला, प्रकरण मिटले. गुरुजींच्या पत्रात राग नव्हता. त्यांचा एकच प्रश्न होता : मूळ इंग्रजीत ‘मुलावर’ असे आहे काय?

नव्हते. ते ‘वर’ माझे होते.

एम्. ए.ला मराठी घेतल्यापासून शब्दांची कुळे धुंडाळण्याची मला खोड आहे. अपराधी मनाने मी प्रथम या इंग्रजी शब्दाचे कूळ पाहिले, आणि ज्या खड्ड्यात मी पडलो होतो त्यात ती भाषा चारशे वर्षांपूर्वी पडली होती असे आढळले. ‘कंज्युअर’चे मूळ लॅटिन भाषेत आहे, मिळून शपथ घेणे हा तेथील अर्थ. शपथ घेण्यावरून शपथ घालणे आले, आणि देवाची शपथ घालून पिशाचाला हाक मारणे हा अर्थ रूढ झाला. १५६३ साली इंग्लंडमध्ये चेटूकविरोधी जो कायदा झाला, त्याच्या नावातच हा शब्द आहे. १६०४ च्या अधिक कडक कायद्याच्या नावातही तो आहे. त्या कायद्यांखाली माणसे फासावर जात होती. रस्त्यावर पेल्याखालचे गोळे पळविणाऱ्याला तेव्हा दुसरा शब्द होता. परंतु पाहणारा घाबरलेला असला म्हणजे दोन शब्दांतील भिंत टिकत नाही.

ती भिंत बांधून काढण्याचा प्रयत्न रेजिनल्ड स्कॉट नावाच्या केंटमधील एका गृहस्थाने केला. याचे आधीचे पुस्तक हॉप नावाच्या वेलीच्या लागवडीवर होते, म्हणजे गृहस्थ मातीत हात घालणारा. १५८४ साली त्याने ‘डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. चेटकीण म्हणून ज्यांना धरले जाते त्या बहुधा म्हाताऱ्या, गरीब, निराधार बायका असतात, असे त्याचे म्हणणे होते. आणि हे पटावे म्हणून त्याने ग्रंथाचा एक भाग चक्क हातचलाखीच्या वर्णनाला दिला. नाणे तळहातात कसे दडवावे, पत्ते कसे पिसावेत, कापलेले मुंडके तबकात बोलते कसे दाखवावे, सारे त्यात आहे. मुंडक्याच्या खेळात मेजाला भोके असतात. एकाचे धड वर निजलेले दिसते, दुसऱ्याचे डोके खालून वर आलेले असते. चित्र काढून त्याने हे समजाविले आहे. खेळाचे मर्म फोडले म्हणून खेळ करणाऱ्यांचे नुकसान होईल, याची त्याला जाणीव होती. कोणाचा तरी जीव वाचणे त्याला अधिक मोलाचे वाटले असावे.

पुढे १७३५ साली कायदा बदलला. चेटूक करणे हा गुन्हा राहिला नाही. चेटूक येते असे सोंग करणे हा गुन्हा ठरला. १९५१ साली त्याही कायद्याच्या जागी नवा आला आणि निव्वळ करमणुकीसाठी केलेल्या गोष्टी त्यातून स्पष्टपणे वगळण्यात आल्या. या साऱ्या प्रवासात ‘कंज्युअर’ हा शब्द फासाच्या दोरीवरून उतरून रंगमंचावर आला. शब्द तोच राहिला, त्याच्या भोवतीची समज पालटली.

आता आपल्या भाषेकडे वळू. आपल्याकडे या अर्थाचे शब्द थोडे नाहीत आणि प्रत्येकाच्या अंगाला काही ना काही चिकटलेले आहे. ‘जादू’ हा शब्द फारसीतून आला, हे सर्वांना माहीत असते. पण तो परका मात्र नाही. संस्कृत ‘यातु’ आणि फारसी ‘जादू’ ही एकाच घरची भावंडे आहेत. ‘युवन्’ आणि ‘जवान’ जसे आहेत तशीच. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात एक सूक्त आहे, त्यात ऋषी निर्वाणीने सांगतो, की मी यातुधान असेन तर आजच मला मरण येवो. म्हणजे या शब्दाची आपल्याकडील अगदी जुनी नोंद, एका माणसाने स्वतःवरील आरोप झटकण्यासाठी घेतलेल्या शपथेची आहे. अलीकडच्या समाजशास्त्रीय लेखनात ‘यातुविद्या’, ‘यातुक्रिया’ असे शब्द पुन्हा वापरात आले, ते योग्यच झाले. अलौकिक शक्तीच्या समजुतीसाठी निराळा शब्द हाताशी असलेला बरा.

‘गारूड’ हे मुळात साप उतरविण्याच्या मंत्राचे नाव; गरुडावरून आलेले. त्यावरून साप खेळविणारा तो गारुडी, आणि सापाच्या टोपलीबरोबर तो इतर खेळही करी म्हणून ते खेळ म्हणजे गारूड. आज हा शब्द समीक्षकांनी पळविला आहे. कोणत्याही लेखकाच्या शैलीचे ‘गारूड’ असतेच असते. शास्त्रीय मजकुरात तो वापरावा तर वाचकाला परीक्षण वाचत असल्यासारखे वाटेल. ‘हातचलाखी’ हा खरे पाहता सर्वांत प्रामाणिक शब्द, कारण तो काम कोठे होते ते सांगतो. पण हिशेबात हातचलाखी करणारा कारकून आणि गर्दीत खिसा कापणारा यांनाही आपण तोच शब्द लावतो. ज्या कलावंताने दहा वर्षे आरशासमोर बसून बोटे वळविली, त्याला या नावाने हाक मारणे बरे दिसत नाही. हिंदीत याच कौशल्याला ‘हाथ की सफ़ाई’ म्हणतात. मराठी कानाला त्यात क्षणभर साबणाचा वास येतो. परंतु शब्द निष्कलंक आहे.

‘इंद्रजाला’ची परंपरा फार मोठी. अथर्ववेदाच्या आठव्या कांडात इंद्राचे जाळे आहे, ते शत्रुसैन्याला गुंडाळण्याचे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या चौदाव्या अधिकरणात शत्रूला चकविण्यासाठी अद्भुत गोष्टी दाखविण्याचे उपाय दिले आहेत. हर्षाच्या ‘रत्नावली’च्या चौथ्या अंकात एक ऐंद्रजालिक येतो, आणि त्याच्या करणीने अंतःपुराला आग लागल्याचे दिसू लागते. राजा आगीत धावतो, कोंडून ठेवलेली नायिका बाहेर येते, आणि मग आग मुळी नव्हतीच हे कळते. सातव्या शतकातील हा नाटककार आपल्या प्रेक्षकाकडून किती समज गृहीत धरतो, हे पाहण्यासारखे आहे. आचार्य शंकरांच्या ब्रह्मसूत्रभाष्यातही ढालतलवार घेऊन दोरीवरून आकाशात चढणारा मायावी दृष्टांतासाठी येतो. आणि खरा मायावी त्याहून वेगळा, जमिनीवरच उभा असतो, असे आचार्य सांगतात. दोरीच्या या खेळाचा पाश्चात्य जगात जो गाजावाजा झाला, त्याला मात्र १८९० साली शिकागोच्या एका वृत्तपत्राने छापलेली कपोलकल्पित हकीकत मोठ्या प्रमाणात कारण झाली. वृत्तपत्राने काही महिन्यांनी खुलासा केला, पण खुलासे कोण वाचतो!

विसाव्या शतकात बंगालचे पी. सी. सरकार यांनी आपल्या कार्यक्रमाला ‘इंद्रजाल’ हेच नाव दिले आणि ते जगभर नेले. १९५६ साली लंडनच्या दूरचित्रवाणीवर त्यांनी एका मुलीला करवतीने कापण्याचा खेळ केला. कापून झाल्यावर मुलगी उठून उभी राहावयाची. पण ती काही बोलेना, आणि तेवढ्यात कार्यक्रमाची वेळ संपली. आपल्या डोळ्यांदेखत मुलगी मारली गेली, असे वाटून असंख्य प्रेक्षकांनी दूरध्वनी केले. दोनशेहून अधिक वर्षे ज्या देशाच्या कायद्याने चेटूक हे सोंग मानले, तेथील प्रेक्षकांची ही अवस्था. खेळाचा शेवट दाखविला नाही की खेळ हा खेळ राहात नाही.

राहिला ‘नजरबंदी’. हा शब्द मला दीर्घकाळ आदर्श वाटत होता, कारण जे घडते ते पाहणाराच्या ठिकाणी घडते, हे तो सांगतो. शिवाय त्याला साऱ्या देशाची साक्ष आहे. तमिळमध्ये ‘कण्कट्टु’, मलयाळममध्ये ‘कण्केट्टु’, कन्नडमध्ये ‘कण्कट्टु’, तेलुगूमध्ये ‘कनिकट्टु’; चारही ठिकाणी अर्थ डोळे बांधणे हाच. वाडवडिलांनी भाषेभाषेतून एकच निरीक्षण नोंदवून ठेवले आहे. आजच्या मानसशास्त्राने त्यात थोडी दुरुस्ती केली आहे. अमेरिकेत नॉर्मन ट्रिपलेट यांनी १९०० साली हातातला चेंडू दोनदा वर फेकून झेलण्याचा आणि तिसऱ्या वेळी नुसता फेकल्याचा आविर्भाव करण्याचा खेळ शाळकरी मुलांपुढे केला. चेंडू हातातून सुटलाच नव्हता. तरी पुष्कळ मुलांनी तो वर जाऊन हवेत नाहीसा झाल्याचे सांगितले. ब्रिटनमध्ये गुस्ताव कून आणि मायकेल लँड यांनी २००६ साली हाच खेळ घेऊन प्रेक्षकांच्या बुबुळांची हालचाल यंत्राने टिपली. खेळ करणाऱ्याने काल्पनिक चेंडूमागे नजर वर नेली, तेव्हा सुमारे दोनतृतीयांश लोकांना चेंडू वर गेलेला दिसला. त्याने आपल्या हाताकडे पाहिले, तेव्हा सुमारे एकतृतीयांशांनाच. आणि गंमत अशी, की ज्यांना चेंडू वर ‘दिसला’ त्यांचे डोळे बहुधा तेथे गेलेच नव्हते. ते खेळ करणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहात होते. डोळे फसले नाहीत, अपेक्षा फसली. त्या हिशेबाने ‘नजरबंदी’ऐवजी ‘अवधानबंदी’ म्हणावे लागेल. हा शब्द मी केवळ येथे लिहितो; पुस्तिकेत घालण्याचे धाडस मला होणार नाही.

इतक्या नामांची चाळणी केल्यावर मला उमगले, की माझी चूक नामात नव्हतीच. ‘जादू’ हा शब्द निर्दोष होता. दोष विभक्तीत आणि क्रियापदात होता. मराठीत जादू कोणा‘वर’ केली जाते आणि कोणा‘ला’ दाखविली जाते. पहिल्या वाक्यात एक बळी आहे आणि त्याच्यावर काहीतरी लादणारा कर्ता आहे. दुसऱ्या वाक्यात एक दाखविणारा आणि एक पाहणारा आहे. दोघांमध्ये एक अलिखित करार आहे, की हा खेळ आहे आणि तो संपणार आहे. आपल्या भाषेने ‘करणे’ या साध्या धातूपासून ‘करणी’ हा भयंकर शब्द बनविला, यात नवल नाही; ‘तिने काहीतरी केले’ एवढ्या तीन शब्दांवर आपल्याकडे बायकांना मारहाण झालेली आहे, गावातून हुसकून दिले गेलेले आहे, ठार मारले गेलेले आहे. सातपुड्यात तिला डाकीण म्हणतात, ठाणे-पालघरकडे भुताळी म्हणतात, छत्तीसगडात टोनही. हा ‘टोनही’ आणि आपल्या ‘जादूटोण्या’तला ‘टोणा’ एकाच मुळाचे आहेत. बिहारने १९९९ साली, छत्तीसगडने २००५ साली याविरुद्ध कायदे केले. महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकर यांनी अशा कायद्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली; २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर चारच दिवसांत अध्यादेश निघाला आणि वर्षअखेर कायदा संमत झाला. अमुक एक व्यक्ती करणी किंवा जादूटोणा करते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे, हाही त्या कायद्याच्या अनुसूचीत गुन्हा आहे. म्हणजे ‘वर’ हा प्रत्यय कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो, हे मला व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकातून कळले नव्हते.

गावोगाव चमत्कारांची कारणे समजावून सांगणाऱ्या कार्यकर्त्यांची रीत या दृष्टीने पाहावी. लिंबू कापले की ‘रक्त’ निघते. सुरीच्या पात्याला जास्वंदीच्या फुलाचा रस आधी चोळून वाळविलेला असतो आणि लिंबाच्या आंबटपणाने तो लाल होतो. होमकुंडात ‘तूप’ टाकताच मंत्राने अग्नी पेटतो. कुंडात पोटॅशियम परमँगनेट असते आणि तूप म्हणजे ग्लिसरीन. आधी करून दाखवावयाचे, मग सांगावयाचे, आणि मग समोरच्यालाच करावयास लावावयाचे. या तिसऱ्या पायरीवर ‘वर’ गळून पडतो. आपण स्वतः जे करू शकतो ते आपल्यावर कोणी केले, असे म्हणता येत नाही. येथे ‘प्रयोग’ या शब्दाविषयी एक तक्रार नोंदवून ठेवतो. प्रयोगशाळेतला प्रयोग, नाटकाचा प्रयोग, जादूचा प्रयोग आणि मांत्रिकाचा अभिचार-प्रयोग या चौघांना आपण एकाच बाकावर बसविले आहे. शाळेच्या फळ्यावर ‘आज दुपारी प्रयोग’ एवढेच लिहिलेले पाहून मुले कशाच्या आशेने येत असतील कोणास ठाऊक. निदान शास्त्रीय पुस्तिकांत जादूचा ‘खेळ’ आणि विज्ञानाचा ‘प्रयोग’ एवढे तरी पाळावे.

माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे सारे शब्दच्छल वाटते. त्यांचे म्हणणे असे, की बालगंधर्वांच्या सुरांनी महाराष्ट्रावर जादू केली असे आपण म्हणतोच, मग तेथेही ‘वर’ खोडणार काय? मुळीच नाही. गाण्याने जादू केली म्हणून बालगंधर्वांच्या दारात कोणी ‘उतरवून द्या’ म्हणत गेले नाही. तेथे ऐकणाऱ्याला अलंकार ठाऊक आहे. रंगमंचावरील जादूगारानेही ‘आता मी तुमच्यावर जादू करणार’ असे खुशाल म्हणावे. त्याच्या मागे पडदा आहे, दिवे आहेत, तिकिटाचे अर्धुक आपल्या खिशात आहे. आठवडी बाजारातला मदारीसुद्धा खेळाच्या शेवटी पोटावर हात मारून सांगतो, की खरी जादू येत असती तर तुमच्यापुढे चादर कशाला पसरली असती. मी लहानपणी हे ऐकले तेव्हा मला तो विनय वाटला होता. आता वाटते, तो आपल्या संरक्षणाची तजवीज करीत होता. आमच्या पुस्तिकेला मात्र पडदा नाही, दिवे नाहीत, चादरही नाही. ती कोणाच्या हातात जाऊन पडेल आणि कोणत्या घरात मोठ्याने वाचली जाईल, हे आम्हांला कळत नाही. म्हणून अलंकाराचा हक्क आम्ही सोडलेला बरा.

गेल्या वर्षी त्या पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली. मी वाक्य बदलले : ‘जादूगार प्रेक्षकांना मुलाच्या कानामागून नाणे काढून दाखवितो.’ मुद्रिते आली तेव्हा ‘काढून दाखवितो’च्या जागी ‘काढतो’ होते. ओळ बाहेर जात होती आणि अर्थ तोच आहे, असा शेरा समासात होता. मी त्याच परिच्छेदातले ‘अत्यंत’ आणि ‘अक्षरशः’ हे दोन शब्द काढून टाकले आणि ‘दाखवितो’ परत बसविले.

एक प्रत गुरुजींना पाठविली. त्यांचे उत्तर आले, त्यात पुस्तिकेविषयी एकच ओळ होती. बाकीचे पत्र मुलाविषयी होते. तो आता सातवीत आहे आणि नाण्याचा खेळ त्याला गुरुजींपेक्षा चांगला येतो. दिवाळीच्या सुट्टीत त्याने तो आजीला करून दाखविला. आजीने प्रथम पदर तोंडाला लावला, आणि मग त्याचा डावा हात धरून मूठ उघडावयास लावली.